एकट्या नॅनोकणाचं चुंबकत्व कसं मोजायचं: एमएफएमची सविस्तर पद्धत

व्हीएसएमवर (नमुना कंपित करून त्याचं चुंबकत्व मोजणारं यंत्र) आलेला हिस्टेरिसिस लूप, म्हणजे क्षेत्रासमोर चुंबकनाचा आलेख, एका कणाचा नसतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि प्रबंध लिहिताना बहुतेक जण ते विसरतात. आकडे मांडून पाहा. २० नॅनोमीटर व्यासाच्या मॅग्नेटाइटच्या गोल कणाचं आकारमान ४.२×१०^-२४ घनमीटर. बल्क मॅग्नेटाइटचं संपृक्त चुंबकन ४.८ लाख अँपिअर प्रति मीटर धरलं, तर या कणाचा मोमेंट, म्हणजे एकूण चुंबकीय ताकद, २×१०^-१८ अँपिअर-मीटर वर्ग येतो, म्हणजे मोमेंटच्या जुन्या एककात २×१०^-१५ ईएमयू. चांगल्या व्हीएसएमची मजल १०^-६ ईएमयूपर्यंत, स्क्विडची (अतिवाहक कड्यावर चालणारा चुंबकमापी) १०^-८ च्या आसपास. म्हणजे स्क्विडला नुसतं काही जाणवायलाही पन्नास लाख कण लागतात, आणि त्यांच्या सरासरीत आकारातला फरक, दिशांमधला फरक आणि एकमेकांना चिकटलेल्या कणांचा परिणाम असं सगळं विरघळून जातं.

एकेक कण सुटा पाहायचे मार्ग आहेत. निओबियमच्या मायक्रो-स्क्विडवर ३ नॅनोमीटरचा कोबाल्टचा कण २००१ मध्येच मोजला गेला आहे. हिऱ्यातल्या एनव्ही सेंटरने (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा स्फटिकातला दोष) आणि इलेक्ट्रॉन होलोग्राफीनेही हे जमतं. पण रोजच्या कामाला हाताशी असतो तो एएफएम, म्हणजे कंप पावणारी बारीक टिप पृष्ठभागावर फिरवून चित्र काढणारा सूक्ष्मदर्शक, आणि त्याच्यात बसणारा एमएफएम मोड, ज्यात टिप चुंबकीय असते. ही पद्धत १९८७ पासूनची आहे. चित्रं ती भराभर देते, आणि तिथेच फसायला होतं. कणाच्या जागी फेजमध्ये (टिपवरच्या बलाने सरकणारी तिच्या कंपनाची कला) काळा किंवा पांढरा ठिपका दिसला म्हणजे चुंबकत्व दिसलं असं नाही. सोन्याचा कणही असाच ठिपका देतो. म्हणून खालची सगळी मांडणी एका गोष्टीसाठी आहे: ठिपक्यातला चुंबकीय भाग वेगळा काढणं.

आधी कागदावर: कण स्थिर आहे की नाही

यंत्राची वेळ घेण्याआधी एक गणित करा. कणाचा मोमेंट किती वेळ एका दिशेला टिकतो, हे त्याची अ‍ॅनिसोट्रॉपी ऊर्जा, म्हणजे के (चुंबकन ठरावीक दिशेला धरून ठेवणारा पदार्थाचा स्थिरांक) गुणिले आकारमान, औष्णिक ऊर्जेच्या किती पट आहे यावर ठरतं. प्रयत्नकाळ, म्हणजे मोमेंट उलटायच्या दोन प्रयत्नांमधला वेळ, साधारण एक नॅनोसेकंद धरा. गुणोत्तर २५ असेल तर मोमेंट मिनिट-दीड मिनिट टिकतो.

मॅग्नेटाइटचा के सुमारे १.३५×१०^४ जूल प्रति घनमीटर आहे. ३०० केल्विनला २५ हे गुणोत्तर यायला व्यास जवळपास २५ नॅनोमीटर लागतो. २० नॅनोमीटरच्या कणाला ते १४ च्या आत राहतं, म्हणजे मोमेंट एक मिलिसेकंदात उलटतो. स्कॅनची एक ओळ पुरी व्हायला एक-दोन सेकंद लागतात, तेवढ्यात तो हजार वेळा फिरून झालेला असतो. कोबाल्ट फेराइटचा के बराच मोठा, २×१०^५ च्या घरात, त्यामुळे तिथे १० नॅनोमीटरचा कणही स्थिर राहू शकतो. लहान कणांत पृष्ठभागामुळे के बदलतो, तेव्हा हे आकडे अंदाजाचेच. पण आपला कण कोणत्या गटात बसतो, हे न ठरवता पुढे जाऊ नका, कारण पुढची नियंत्रण-चाचणी त्यावरच ठरते.

स्थिर कणाला स्वतःची दिशा असते, त्यामुळे टिपची चुंबकीय दिशा उलटवली की त्याचा ठिपका रंग बदलतो. सुपरपॅरामॅग्नेटिक कण, म्हणजे ज्याचा मोमेंट उष्णतेने सतत उलटतो तो, मात्र टिपच्याच क्षेत्राने तिच्या दिशेला वळतो आणि कायम आकर्षणच दाखवतो. तिथे टिप उलटवून काही फरक पडत नाही. ‘टिप उलटवली तरी काँट्रास्ट बदलला नाही, म्हणजे तो चुंबकीय नाही’ असा निष्कर्ष २० नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटवर काढला, तर तो सरळ चुकीचा आहे.

नवशिक्यांनी २५ ते ३५ नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटने किंवा १५ ते २० नॅनोमीटरच्या कोबाल्ट फेराइटने सुरुवात करावी. १० नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटवर पहिल्याच दिवशी झडप घालणं हा वेळेचा अपव्यय आहे.

यंत्र ठरवताना

पाषाण रस्ता आणि विद्यापीठ परिसरातल्या संस्थांमुळे पुण्यात एएफएम दुर्मीळ नाही, आणि आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर देशभरातली उपकरणं शोधता येतात. स्लॉट मागण्यापूर्वी ऑपरेटरला चार गोष्टी विचारून घ्या: लिफ्ट मोड (आधी उंची मोजून त्याच ओळीवर टिप थोडी वर उचलून दुसरा पास) आहे का, सॅम्पलला डीसी बायस (स्थिर व्होल्टेज) देता येतो का, हूडमध्ये (यंत्रावरच्या बंद आवरणात) नायट्रोजन सोडता येतो का, आणि सॅम्पल कशाने धरून ठेवतात.

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नाही. बऱ्याच एएफएममध्ये सॅम्पल स्टीलच्या चकतीवर चिकटवतात आणि ती चकती स्कॅनरवर चुंबकाने बसते. आपल्या कणांच्या खालीच कायमचा चुंबक! त्याने कणही एका दिशेला ओढले जातात आणि टिपही बिघडते. व्हॅक्यूमची पकड मागा, किंवा पितळ अथवा अ‍ॅल्युमिनियमची चकती दुहेरी टेपने बसवा. चिमटाही चुंबकीय नसावा. टायटॅनियमचा किंवा सिरॅमिक टोकाचा घ्या.

पुण्याच्या हवेबद्दल एवढंच. जून ते सप्टेंबर नायट्रोजनशिवाय एमएफएम लावू नका. दमट हवेत सब्सट्रेटवर पाण्याचा थर बसतो, टिप चिकटून सुटते आणि फेजमध्ये आडव्या रेघा येतात. हूडमधली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली आल्यावरच सुरू करा. एप्रिल-मे महिन्यांत उलटं होतं: कोरड्या हवेत सॅम्पलवर स्थिर विद्युतभार साठतो, तेव्हा अर्थिंग दोनदा तपासा. आणि गणेशोत्सवाच्या आधीचे काही आठवडे संध्याकाळी जवळच्या मैदानावर ढोल-ताशाचा सराव असेल, तर संध्याकाळचा स्लॉट घेऊ नका. ढोलाची खालची कंपनं अ‍ॅकॉस्टिक हूड पुरती अडवत नाही. रात्री अकरानंतर किंवा पहाटेचा स्लॉट मिळाला तर सोडू नका.

सॅम्पल: विरळ, स्वच्छ आणि परत सापडणारं

सब्सट्रेट म्हणून जास्त डोप केलेलं सिलिकॉन घ्या, रोधकता ०.००५ ओम-सेंटिमीटर किंवा कमी. मायका सपाट असतो, पण वीजरोधक आहे. या कामाला नको. वेफरचे १×१ सेंटिमीटरचे तुकडे करा. अ‍ॅसिटोन आणि मग आयसोप्रोपेनॉलमध्ये प्रत्येकी १० मिनिटं सोनिकेट करा, नायट्रोजनने वाळवा आणि १० मिनिटं यूव्ही-ओझोनमध्ये ठेवा.

सायट्रेटचं आवरण असलेले कण ऋणभारित असतात, म्हणून पृष्ठभाग धनभारित हवा. त्यासाठी एपीटीईएसची (सिलिकॉनवर अमाइन गट बसवणारं सिलेन रसायन) वाफ वापरा. डेसिकेटरमध्ये ३० मायक्रोलिटर एपीटीईएस छोट्या झाकणात ठेवा, शेजारी तुकडे ठेवा, हवा काढा, तासभर थांबा. मग ११० अंशांवर २० मिनिटं तापवा. पावसाळ्यात उघडलेली एपीटीईएसची बाटली दमट हवेने खराब होते आणि पृष्ठभागावर २० ते ५० नॅनोमीटरच्या गाठी तयार होतात. त्या थेट आपल्या कणांसारख्या दिसतात. म्हणून कण न टाकलेला एक तुकडा आधी साध्या टिपने स्कॅन करा. खरखर अर्ध्या नॅनोमीटरच्या आत असेल तरच पुढे जा.

आता विरळ किती करायचं? एका चौरस मायक्रोमीटरला सरासरी एक कण, एवढं लक्ष्य ठेवा. २० नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटच्या एका कणाचं वस्तुमान २.२×१०^-१७ ग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या साठ्यात दर मिलिलिटरला सुमारे ४.६×१०^१३ कण. दोन मिनिटांत विसरणाने (डिफ्यूजनने) हवे तेवढे कण पृष्ठभागावर पोचायला मिलिलिटरला १ ते २×१०^१० कण पुरतात. तेव्हा साठा २,००० ते ५,००० पट पातळ करा. पातळ केल्यावर ५ मिनिटं सोनिकेट करा आणि लगेच वापरा. २० मायक्रोलिटरचा थेंब तुकड्यावर ठेवा, दोन मिनिटांनी भरपूर डीआय (आयनविरहित) पाण्याने धुवा, नायट्रोजनने वाळवा. थेंब तुकड्यावर सुकू देऊ नका. सुकला की कण कडेला वर्तुळात गोळा होतात आणि क्षारांचा पापुद्रा बसतो.

ओलिइक आम्लाचं आवरण असलेले कण हेक्झेनमध्ये असतात. ते इथेनॉलने खाली बसवून किमान तीनदा धुवा. मोकळं ओलिइक आम्ल राहिलं तर सगळीकडे मऊ थर पसरतो, टिप घाण होते आणि लिफ्टच्या उंचीवरचा भरवसा जातो.

मागच्या बाजूचा ऑक्साइड डायमंड स्क्राइबरने खरवडा आणि सिल्व्हर पेस्टने तुकडा धातूच्या चकतीशी जोडा. पुढच्या बाजूला मध्याजवळ एक बारीक फुली ओढा. ही फुलीच तुम्हाला टिप काढून पुन्हा बसवल्यावर त्याच कणापर्यंत नेणार आहे, म्हणून कॅमेऱ्यातल्या तिच्या चित्रावर स्कॅनची जागा दर वेळी नोंदवा. लिथोग्राफीने आखलेली जाळी मिळाली तर उत्तमच.

अगदी असाच दुसरा तुकडा तेवढ्याच व्यासाच्या, सायट्रेट आवरणाच्या सोन्याच्या कणांचा करा. टिप तीच, दिवस तोच, सेटिंग तीच. हा तुकडा नसेल तर पुढचं सगळं मोजमाप लटकतं.

टिप

कोबाल्ट-क्रोमियमचा लेप असलेली नेहमीची एमएफएम टिप पुरते: कँटिलिव्हर (टिप धरणारी लवचीक पट्टी) २२५ मायक्रोमीटर लांब, अनुनाद ७५ किलोहर्ट्झच्या आसपास, के (इथून पुढे पट्टीचा स्प्रिंग-स्थिरांक, वरचा अ‍ॅनिसोट्रॉपीचा के नव्हे) सुमारे २.८ न्यूटन प्रति मीटर, टोकाची त्रिज्या ३० ते ४० नॅनोमीटर. मोमेंट साधारण १०^-१३ ईएमयू. जास्त मोमेंटची टिप सिग्नल वाढवते, पण चुंबकीयदृष्ट्या मऊ कणाला स्वतःच फिरवून टाकते. टिपजवळचं क्षेत्र काही दहा मिलिटेस्लाचं असतं. २० नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटला ३० मिलिटेस्ला क्षेत्रातली ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या १४ पट पडते, म्हणजे कण जवळजवळ पूर्ण टिपच्या ताब्यात. तुम्ही टिपशिवायचा कण कधीच मोजत नसता, हे ध्यानात असू द्या.

टिप होल्डरमध्ये बसवल्यावर निओडिमियम चुंबक तिच्या अक्षाच्या दिशेने टोकाजवळ आणा, काही सेकंद धरा आणि सरळ मागे घ्या. आडवा ओढला तर चुंबकन तिरकं बसतं. मग यंत्राबरोबरच्या मॅग्नेटिक टेपच्या तुकड्यावर तपासा. टेपवर नोंदलेले चुंबकीय बिट स्वच्छ दिसले नाहीत तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

स्कॅन

टॅपिंगचा (पहिल्या पासमध्ये पृष्ठभागाला टेकत होणाऱ्या कंपनाचा) अ‍ॅम्प्लिट्यूड २० ते २५ नॅनोमीटर, लिफ्टमध्ये तो निम्मा करा. लिफ्ट ५० नॅनोमीटरपासून सुरू करून ५-५ ने खाली या. फेजमध्ये टोकदार काटे दिसू लागले की टिप पृष्ठभागाला लागतेय. तिथून ५ नॅनोमीटर वर राहा. १० ते १५ नॅनोमीटरच्या खाली व्हॅन डर वाल्स बल चुंबकीय बलात मिसळतं, तेव्हा तिथे उतरून मिळवण्यासारखं काही नाही. २×२ मायक्रोमीटरचा भाग, ५१२ बिंदू, २५६ ओळी, वेग ०.५ हर्ट्झ. दोन्ही पास धरून एका चित्राला १७ मिनिटं लागतात.

किती सिग्नल अपेक्षित आहे? दोन्ही मोमेंट एका रेषेत धरले तर बलाचा ग्रेडियंट अंतराच्या पाचव्या घाताने घटतो. क्यू (कंपनाचा गुणवत्ता-गुणांक) २०० आणि वरची टिप घेतली, तर २० नॅनोमीटरच्या कणासाठी टिपच्या परिणामी ध्रुवापासून कणाच्या केंद्रापर्यंतचं अंतर ६० नॅनोमीटर असताना फेज २.५ अंश, ८० असताना ०.६ आणि १०० असताना ०.२ अंश. लिफ्टमध्ये दहा नॅनोमीटरचा फरक किती महाग पडतो, ते यावरून दिसेल.

आकर्षण म्हणजे फेज खाली की वर, हे यंत्रागणिक बदलतं. मॅन्युअल शोधत बसू नका. सॅम्पलला ३ व्होल्ट द्या: स्थिरविद्युत बल नेहमी आकर्षणाचंच असतं, फेज ज्या बाजूला सरकेल ती आकर्षणाची.

सोन्याचा कण ठिपका का दाखवतो

लिफ्ट मोडमध्ये टिप पृष्ठभागाच्या उंचसखलपणाला धरून चालते. कणावर आली की तीही कणाएवढी वर उचलली जाते आणि सिलिकॉनपासून २० नॅनोमीटर दूर जाते. टिप आणि सिलिकॉन यांच्यात कॉन्टॅक्ट पोटेन्शियलमुळे (दोन वेगळ्या पदार्थांमधला आपोआपचा विद्युतविभव-फरक) जे आकर्षण चालू होतं, ते तेवढ्यापुरतं कमी होतं. फेजच्या चित्रात हे ‘प्रतिकर्षण’ म्हणून उमटतं. चुंबकीय आकर्षण नेमकं याच्या उलट दिशेचं, त्यामुळे दोन्ही एकमेकांना खाऊन कणावर काहीच न दिसणं, हेही नेहमीचं आहे. मध्ये काळा ठिपका आणि भोवती पांढरं कडं दिसलं, तर हीच भानगड समजा.

इलाज तीन, आणि तिन्ही एकत्र लागतात. पहिला: मोकळ्या सिलिकॉनवर ३० नॅनोमीटर लिफ्टला सॅम्पलचा बायस -२ ते +२ व्होल्ट फिरवा. फेजचा पॅराबोला येईल. त्याच्या शिरोबिंदूवरचा व्होल्टेज स्कॅनभर लावून ठेवा. तो बहुधा काहीशे मिलिव्होल्ट असतो आणि टिप बदलली की बदलतो. कणाचं कॉन्टॅक्ट पोटेन्शियल सिलिकॉनपेक्षा वेगळं असल्याने एवढ्याने काम पूर्ण होत नाही.

दुसरा: तोच कण टिपच्या वेगवेगळ्या स्थितींत घ्या. स्थिर कणासाठी टिपचं चुंबकन वर आणि टिपचं चुंबकन खाली अशी दोन चित्रं. त्यांच्या वजाबाकीचा निम्मा भाग चुंबकीय, बेरजेचा निम्मा भाग बाकी सगळं. सुपरपॅरामॅग्नेटिक कणासाठी चुंबकित टिप आणि विचुंबकित टिप. विचुंबकित करायला उलट दिशेचं क्षेत्र हळूहळू वाढवत न्या आणि दर वेळी टेपवर तपासा. बिट नाहीसे झाले, ते क्षेत्र नोंदवा. या लेपाला ते साधारण ४० मिलिटेस्लाच्या आसपास सापडतं.

तिसरा: सोन्याचा तुकडा. वजाबाकीनंतर सोन्याच्या कणांवर जे उरेल, ती तुमच्या पद्धतीची खरी त्रुटी. मॅग्नेटाइटवर उरलेला सिग्नल त्याच्या तिप्पट तरी नसेल, तर तो कण मोजला असं म्हणू नये.

चित्रातून आकडा

एका स्थिर कणावर ३० ते ८० नॅनोमीटरपर्यंत पाच-सहा लिफ्ट उंचींवर वजाबाकीची फेज काढा. ती अंतराच्या पाचव्या घाताने घटत असेल, तर फेजचा उणे एक-पंचमांश घात लिफ्टच्या समोर मांडल्यावर सरळ रेषा येते. रेषा जिथे आडव्या अक्षाला छेदते, तिथून टिपच्या परिणामी ध्रुवाचं जादा अंतर मिळतं. उताराच्या उणे पाचव्या घातातून, फेज रेडियनमध्ये धरून, सिग्नलचा गुणक मिळतो, आणि तो क्यू भागिले के, गुणिले २४×१०^-७, गुणिले दोन्ही मोमेंट एवढा असतो. के थर्मल ट्यूनने (पट्टीच्या औष्णिक कंपनावरून) काढा, डब्यावर छापलेला वापरू नका.

इथे एक खाच आहे. उतारात ५ टक्के चूक झाली की मोमेंटमध्ये २५ टक्के होते. टिपचा छापील मोमेंटही ढोबळच असतो. म्हणून निरपेक्ष आकड्यावर फार भिस्त नको. त्याच टिपने मोजलेल्या दोन कणांचं गुणोत्तर जास्त विश्वासार्ह, आणि बहुतेक प्रश्नांना तेच पुरतं. सुपरपॅरामॅग्नेटिक कणावर ही सरळ रेषा वाकते, कारण टिप लांब गेली की कणाचं चुंबकनच कमी होतं: ५ मिलिटेस्लाला २० नॅनोमीटरचा कण जेमतेम ६० टक्के वळलेला असतो. तिथे लँझेव्हिन फलन (क्षेत्र आणि तापमानावरून कण किती वळला ते सांगणारं सूत्र) घालून फिट करावं लागतं.

कणाचा आकार एएफएमच्या उंचीवरून घ्या, रुंदीवरून कधीही नाही. ४० नॅनोमीटर त्रिज्येच्या टिपला २० नॅनोमीटरचा कण ८० नॅनोमीटर रुंद दिसतो. त्याच कारणाने शेजारी चिकटलेले दोन कण एकच भासतात: उंची बरोबर, फेज जवळपास दुप्पट. शंका असलेली जागा एसईएमखाली (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) पाहा, पण सगळं एमएफएम संपल्यावरच. एसईएमचा बीम कार्बनचा थर आणि विद्युतभार मागे ठेवतो.

उंचीत आवरणही येतं, म्हणून गाभ्याचा व्यास टीईएमवरून (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) पडताळा. त्यातही पृष्ठभागाचा एक नॅनोमीटर चुंबकीयदृष्ट्या मेलेला धरला, तर २० चा कण १८ चा होतो आणि आकारमान २७ टक्क्यांनी घटतं. मोमेंट अपेक्षेपेक्षा कमी आला की आधी हे पाहा. मग सॅम्पल किती जुनं आहे ते पाहा: हवेत राहिलेला मॅग्नेटाइट मॅगेमाइट होत जातो आणि त्याचं चुंबकन सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी असतं. त्यानंतर टिप झिजली का ते, टेपचं पहिल्या दिवसाचं आणि आजचं चित्र शेजारी ठेवून.

एकाच कणावर पेपर लिहू नये. ३० ते ५० कण घ्या आणि मोमेंट आकारमानासमोर मांडा. प्रत्येक कणासोबत उंची, लिफ्ट, दोन्ही अ‍ॅम्प्लिट्यूड, क्यू, के, लावलेला बायस, आर्द्रता, टिपची स्थिती आणि वगळलेल्या कणांचं कारण नोंदवा. सोन्याच्या कणांचे बिंदूही त्याच आलेखावर टाका, वेगळ्या परिशिष्टात नाही.